वाटी जागेवर

"वाटी सरकली आहे, काकू," ऋतानं गुडघा हलकेच वाकवून परत सरळ केला. "झिजली नाही अजून. मांडीचा आतला स्नायू ढिला पडलाय, म्हणून ती बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि घासते."

"मंग बसव ना जागेवर."

"मी नाही, तुम्हीच बसवायची. रोज."

ऋतानं गुंडाळलेला टॉवेल प्रेमलाबाईंच्या गुडघ्याखाली ठेवला आणि तो दाबून धरत दहापर्यंत मोजायला लावलं. व्यायामानं सांधे सुधारणारी ही पोट्टी वयानं नातीएवढी, पण तिचा हात पक्का होता. बाईंना तिचा भरवसा वाटला. स्वतःचा तर होताच, तो त्या जन्मतःच घेऊन आल्या होत्या.

खरी अडचण गुडघ्याची नव्हती, जिभेची होती. जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यातलं घर विकून नव्या रायपुरात लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जाऊ, म्हणून मुलगा स्वानंद वर्षभर मागे लागला होता. बाईंनी त्याला चारचौघांत ठणकावलं होतं, "माडीचा जिना चढता येते तोवर मी इथून हलत नाही. ज्या दिवशी नाही जमलं, त्या दिवशी सामान बांध." आणि आता चौथ्या पायरीवरच कळ यायची. आपल्याच हातानं पायावर धोंडा, तोही गुडघ्यावर.

माडीवरच्या कपाटात महालक्ष्म्यांच्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींच्या पूजेची चांदी होती. सासूबाईंच्या सहा वाट्या, प्रत्येकीवर 'सौ. वनमाला' कोरलेलं, सगळ्या एका लाकडी डब्यात. महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सकाळी मोठ्या सुनेनं तो डबा स्वतः खाली आणायचा, अशी घरची रीत. एरवी त्याला कोणी हात लावत नसे. म्हणजे परीक्षेची तारीखही ठरलेली होती. चाळीस दिवस उरले होते.

घरी आल्यावर त्यांनी नागपूरला धाकट्या बहिणीला फोन लावला.

"सरोजिनी, वाटी सरकली अन् काय. तू कोणाले बोलू नको बापा. महालक्ष्म्यांपर्यंत वाट पाहतो. तोवर वाटी जागेवर आली, तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही आली, तर स्वानंदले सांगाच लागन."

मागे वळून पाहतात तर दारात सून सोनिया उभी, हातात वाळलेले कपडे. सोनिया बिलासपूरच्या हिंदी घरातली. मराठी तिच्या कानात शिरायची, पण तोंडातून बाहेर यायची ती हिंदीच. ती कपडे घेऊन आत निघून गेली.

ऐकलं हिनं. आता हे स्वानंदच्या कानावर जाणार आणि रविवारपर्यंत फ्लॅट बघायची गाडी दारात उभी राहणार.

पण रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि स्वानंद काही बोलला नाही. उलट सोनियाच बदलली. बहिणीच्या मुलीच्या उष्टावणाला, चांदीच्या वाटीतला पहिला घास भरवायला, माहेरी जाऊन आल्यापासून ती जरा गप्प गप्प होती, आता तर सासूच्या मागेपुढे करायला लागली. बाई जिन्याकडे वळल्या की हातातलं काम टाकून धावत यायची.

"माँजी, ऊपर मत जाइए। क्या चाहिए, मैं ला देती हूँ।"

गुणाची आहे पोट्टी, बाईंना वाटलं. इतकी वर्षं उगाच तिला परकी समजलो. त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

टॉवेल रोज दाबला जात होता. तिसऱ्या आठवड्यात ऋतानं गुडघ्याला आधार म्हणून लावलेली चिकटपट्टी काढली. चौथ्या आठवड्यात बाई हात न टेकता खुर्चीतून उठल्या. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी," ऋतानं सांगितलं, आणि बाईंनी ते स्तोत्रासारखं पाठ केलं. एका दुपारी त्या पलंगावर व्यायाम करत असताना सोनिया स्वयंपाकघरात दबक्या आवाजात फोनवर बोलत होती. "हाँ भैया, सौ। पहले सौ लिखिए, फिर आगे नाम। थोड़ा जल्दी कर दीजिए।" विड्याची पानं सांगून ठेवत असेल, असं म्हणून बाई मोजत राहिल्या. आठ, नऊ, दहा.

महालक्ष्म्यांना आठवडा उरला तेव्हा सोनियानं एकदम अडवणं सोडलं. "अब आप जब चाहें ऊपर जाइए, माँजी," ती हसून म्हणाली. आपली चाल सरळ झालेली हिनं बरोबर हेरली, बाईंनी मनात नोंद केली.

तो दिवस उजाडला. स्वानंद चहाचा कप घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. प्रेमलाबाई कठड्याला हात न लावता चौदा पायऱ्या चढल्या. डबा छातीशी धरून, दुखरा पाय आधी टाकत, तशाच उतरल्या. कुठे कळ नाही की करकर नाही.

"आई, तुझे पाय माझ्याहून बरे आहेत," स्वानंद म्हणाला. "फ्लॅटचं राहू दे आता."

बाईंना इतका आनंद झाला की तिथेच बसून हसावंसं वाटलं. घर राहिलं, शब्दही राहिला. स्वानंद फुलं आणायला गोल बाजाराकडे निघाला, तशी सोनिया पुढे आली आणि त्यांच्या पायाशी वाकली. तिचे डोळे भरले होते.

"माँजी, आपने इतने दिन किसी से कुछ नहीं कहा। मैं कभी नहीं भूलूँगी।"

बाईंना गंमत वाटली. गुपित आपलं, तोंड मिटून बसली ही, आणि आभारही हीच मानते. "अवं पोरी," त्या म्हणाल्या, "वाटी जागेवर आली ना? मंग झालं."

"आ गई, माँजी। पिछले हफ्ते ही।"

बाईंनी हसत हसत डबा उघडला. पाच वाट्या वर्षभरात काळवंडलेल्या होत्या. सहावी लखलखत होती. त्यांनी ती उचलून उजेडात धरली. तिच्यावर नव्या, ठसठशीत अक्षरांत कोरलं होतं, '१०० वनमाला'.