अकराव्या प्रश्नाचं उत्तर

सातवीच्या अडतीस फॉर्मांवर अडतीस मुलं अगदी सुखी होती. प्रश्न वीस. उत्तरं तीन: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. झोप उडते का, रडू येतं का, कुणाची भीती वाटते का. सगळ्यांच्या खुणा ‘कधीच नाही’वर.

“आमचा निकाल शंभर टक्के, डॉक्टर,” मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले. “तुम्ही आपले चहा घ्या आणि निघा.” स्वतःच हसले आणि कामाला गेले.

सरकारी रुग्णालयातले हे मुलांचे मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येत. बसायला प्रयोगशाळेतलं टेबल मिळे. दोन वाजता गाडी पुढच्या शाळेला निघे. सव्वा वाजला होता. त्यांनी गठ्ठा पुन्हा वरून उलगडला आणि एकेक फॉर्म खिडकीसमोर धरून पाहू लागले. एकोणतिसाव्याशी थांबले. ‘आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का?’ या अकराव्या प्रश्नापुढे कागद खरवडून पातळ झाला होता. ‘नेहमी’वरची खूण पुसलेली होती. पण पेन्सिल दाबून टेकवलेली, तिचा वळ राहिला होता.

त्यांनी वर्गशिक्षिका बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी काही लपवलं नाही. फॉर्म भरून घेताना त्या नेहमीसारख्या बाकांमधून फिरल्या होत्या. ज्याचं चुकलं, त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावलं. या मुलीला दोनदा सांगावं लागलं.

“चुकलं म्हणजे?”

बाई म्हणाल्या, गेल्या वर्षी एका मुलीचं नाव असंच तुमच्या तपासणीच्या यादीत गेलं. पोरीला वेड लागलंय असा बोभाटा झाला आणि आठ दिवसांत घरच्यांनी तिला शाळेतून काढलं.

“तुम्ही महिन्यातून एकदा येता, डॉक्टर. हजेरी मी रोज घेते. त्या पोरीचा जुना नंबर आला की अजून जीभ अडखळते माझी.”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. या मुलीला आत्ताच पाठवा, एवढंच म्हणाले.

बाई स्वतः तिला घेऊन आल्या. बोटांना शाई, एक मोजा खाली घसरलेला. डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं. तुझं उत्तर चूक नव्हतंच, म्हणाले. मुलं शिक्षकांसमोर मोकळी होत नाहीत, हा त्यांचा रोजचा अनुभव. त्यांनी बाईंना नजरेनंच बाहेर थांबायला सुचवलं. बाई दाराकडे वळल्या.

“बाई, जाऊ नका ना.”

डॉक्टरांनी विचारलं, का गं?

“आमचे पेपर बाई तपासतात,” मुलगी टेबलाकडे बघत म्हणाली. “त्या वाचतील म्हणून तर लिहिलं होतं.”

तासाची घंटा झाली. पुढचा तास बाईंचा होता, आठवीवर. त्यांनी व्हरांड्यातल्या शिपायाला हाक मारली, आठवीवर दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मग एक स्टूल ओढून त्या मुलीच्या शेजारी बसल्या.

डॉक्टर पुढचा प्रश्न विचारणार होते. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

“आधी ती मला सांगेल,” त्या म्हणाल्या.