पूर्ण पत्त्याचं गाऱ्हाणं

“नाव, गाव, जागा. तिन्ही हवं,” फौजदार म्हणाला. “मागच्या खेपेला थोडक्यात हुकला. चूल गरम होती, खुंटीला खादीची टोपी होती, माणूस तेवढा नव्हता.”

लवू गुरव मान खाली घालून उभा होता. रत्नागिरीच्या त्या कचेरीत त्याला कुणी बस म्हणत नसे, आणि म्हटलं असतं तरी तो बसला नसता.

मिठाचा कायदा मोडला त्या वर्षीची ही गोष्ट. गावोगावची तरणी पोरं तुरुंगात, उरलेली रानावनात, आणि सरकारला एकेकाचा ठावठिकाणा हवा होता. तो कुठून मिळवावा हे या फौजदाराला बरोब्बर सुचलं. आमच्याकडचा माणूस बायकोला सांगणार नाही ते ग्रामदेवीला सांगतो. आणि सांगतो तेही गुरवाच्या तोंडून. आधी गुरवाच्या कानात सगळं घालायचं, मग त्याने देवीला हाक मारून गाऱ्हाणं घालायचं. मुंबईत पोरगा आजारी असेल तर कुठली चाळ, कुठली खोली, सगळं सांगावं लागतं. पत्ता अर्धवट राहिला तर देवीने राखण करायची कुणाची?

म्हणून लवूला गाठलं. देवळाचं इनाम काढून घेतो म्हटल्यावर तो बिचारा किती टिकणार? बायको, म्हातारी आई आणि त्या इनामावर पिकणारं भात, एवढंच त्याचं जग.

“साहेब, लोक देवीला सांगतात. मला नाय,” असं तो एकदा धीर करून म्हणाला होता.

“शंभरांतल्या एकाच्या हातात बाँब असतो, लवू. बाकीच्यांचं मी ऐकतो ते त्यांचाच जीव वाचावा म्हणून. मलाही बरं वाटत नाही. पण उद्या भरबाजारात बाँब फुटला, तर जाब तुझी देवी देणार की मी?”

 लवूला त्या बोलण्यात खोटं काही दिसेना, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होई.

गावात मात्र सरकारचा असा दरारा बसला की सांगता सोय नाही. गावातला फरारी बाबल्या आंजर्ल्याला लपला होता, तिथे पोलीस थेट दारात गेले. मागच्या परसातून निसटला म्हणून वाचला. गाव तोंडात बोट घालून बसला. पुढेही तसंच होत गेलं. “सरकारला हजार डोळे हायत,” आप्पा गावकर पारावर सांगे, “मनातलं पण दिसतं त्याला.” बायका तोंडाला पदर लावत. लवूला घाम फुटे. हजार डोळे कसले, दोन कान होते, आणि ते त्याचेच होते.

“या खेपेला मी आधी जाऊन बसणार,” फौजदार आता सांगत होता. “बंदुका घेऊन. पळाला तर गोळी. सदूची आई आज देवळात येईल ना?”

“येईल.”

“मग संध्याकाळी खबर घेऊन ये. लगेच माणसं हलवतो. आणि खोटं सांगू नकोस, तुझ्या तोंडावर सगळं उमटतं. म्हणून तर तुझ्यावर भरवसा.”

राही दुपारी आली. सदू तिचा एकुलता एक, वॉरंट चुकवत फिरणारा. ती नेहमीसारखी आधी पायरीवर टेकली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, मग आत आली. सभामंडपात आप्पा आणि गंगुबाई बसली होती.

“लवू, माझा सदू उद्या तिकडं लांब मंडणगडला येतोय,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “तिठ्यावरच्या कासाराच्या माडीवर. देवीला नीट सांग रे बाबा. राखण कर म्हणावं.”

नारळ लवूच्या हातात तसाच राहिला. त्याने देवीच्या चांदीच्या डोळ्यांकडे पाहिलं. आजवर त्याने सरकारएवढं मोठं काही पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, त्याहून कितीतरी मोठं कुणीतरी समोर उभं आहे. इनाम, जमीन, तुरुंग, सगळं मुंगीएवढं होऊन गेलं.

“काकी, नको सांगू,” तो म्हणाला. “हितं सांगितलेलं कचेरीत जातं. मीच नेतो. बाबल्याचं मीच सांगितलं, सगळ्यांचं मीच. सदूला गोळी घालणार हायत. त्याला मंडणगडला येऊ देऊ नका. आज मी कचेरीत जाणार नाय. आता माझं काय करायचं ते करा.”

आप्पाची काठी पाठीत बसणार म्हणून लवूने डोळे मिटून घेतले.

काठी बसली नाही. “मेल्या लवू,” आप्पा हळूच म्हणाला, “म्हायती हाय आमाला. बाबल्याचा पत्ता तुझ्याबिगर कुणाला सांगितलाच नव्हता.”

“मग त्यानंतरही मला सांगत राहिलात? देवीसमोर?”

“देवीला खरं ते पायरीवरच सांगून येतो,” गंगुबाई म्हणाली. “आत येऊन तुला सांगतो ते फौजदारासाठी. ती गरम चूल, ती टोपी, सगळं आमीच मांडलेलं. तुला खोटं बोलता येत नाय, म्हणून तुला कळू दिलं नाय.”

लवू मटकन खाली बसला. सगळा गाव. म्हातारेकोतारे, बायाबापड्या, कुणाच्या तोंडून चकार शब्द फुटला नव्हता. एवढ्या मोठ्या सरकारला या माणसांनी जिल्हाभर पळवलं होतं. त्याचा ऊर भरून आला. आता तरी राही हसेल म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं.

राही रडत होती.

“सदू उद्या अयूब तांडेलाच्या मचव्यातून हितंच उतरायचाय, आरे-वारेच्या पुळणीवर,” ती म्हणाली. “आता फौजदाराला मंडणगडला कोण धाडणार रे?”