एक वीत वर

तिन्ही गोळ्या मागच्या भिंतीला लावलेल्या कागदाच्या काळ्या ठिपक्यात बसल्या. मिस्त्रीने वाळूच्या पिशवीवरून रिव्हॉल्व्हर उचललं, रिकामं केलं आणि टेबलावर ठेवलं.

"यात घासण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "अगदी नाकासमोर चालतंय बिचारं."

समोरची बाई बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी होती. मिस्त्री आपलं बंदूक-दुरुस्तीचं दुकान उघडायला आला, तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. मागणी एकच : पुढची माशी कानशीने घासून बसकी करून द्या.

त्या रिव्हॉल्व्हरला नेम जुळवायला स्क्रू वगैरे काही नव्हता. नळीच्या टोकावर पोलादाची एक उभी पाकळी, तीच माशी. मागे एक खाच. खाचेतून बघायचं, माशी निशाणावर टेकवायची आणि चाप ओढायचा. गोळी खाली जात असेल तर माशी घासून उतरवायची, म्हणजे गोळी वर चढते. पण काम केसाकेसाने करायचं. जरा घासायचं, मारून बघायचं, पुन्हा जरा घासायचं. घासून गेलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही.

ती नोकरीला लागली तेव्हा हेच रिव्हॉल्व्हर मिस्त्रीने असं घासून जुळवून दिलं होतं. त्यामुळे गेल्या महिन्यात तिने रोकडीची पेटी घेऊन पळणाऱ्या माणसाला एका गोळीत आडवं केलं, तेव्हा मिस्त्रीचीही छाती फुगली. बँकेने तिचा सत्कार केला. मिस्त्रीने न्हाव्याच्या दुकानात बसून स्वतःचा करून घेतला. आमच्या कानशीची करामत, असं तो चार लोकांना सांगत सुटला होता.

आता मात्र त्याला तिची काळजी वाटली. माणूस मारल्यावर भल्याभल्यांचे हात कापायला लागतात, हे त्याने पाहिलं होतं. हात कापला की चाप हिसकला जातो, गोळी खाली जाते आणि खापर फुटतं माशीवर. पण तिला ते तोंडावर कसं सांगणार? त्याने मुकाट्याने रिव्हॉल्व्हर भरलं आणि तिच्या हातात दिलं.

"तू मार. बघू दे मला."

तिने पाय रोवले, श्वास सोडला आणि मारलं. मिस्त्री कागद काढून खिडकीशी घेऊन गेला. भोकांवर भोकं पडली होती. सगळी मिळून एका रुपयाखाली झाकली असती.

"अगं, हात तर दगडासारखा आहे तुझा! मग घासायचं कशासाठी?"

"एक वीत वर गेली पाहिजे," ती म्हणाली.

"कशाच्या वर?"

तिने ठिपक्यावर बोट ठेवलं. मिस्त्रीने कागद खाली ठेवला. कागदावरचा ठिपका माणसाच्या छातीच्या उंचीवर लावलेला होता. इथे दुकानात एक वीत वर, म्हणजे रस्त्यातल्या लांब अंतरावर दोन-तीन वीत, थेट माणसाच्या डोक्यावरून, हे त्याला हळूहळू उमगलं.

"आणि वर्षाच्या चाचणीत?"

"कागदावर खाली धरून मारीन. कागद कुठे पळतोय?"

"मग माणसावरही वर धर की! त्यासाठी चांगल्या मालाचा सत्यानाश कशाला?"

"तेच जमत नाही, काका." ती स्टुलावर टेकली. "त्या दिवशी मी मारायचं ठरवलंच नव्हतं. माशी खाचेत बसली आणि पुढचं हाताने केलं. इतकी वर्षं त्याला तेच शिकवलंय. आता तो माझं ऐकत नाही. म्हणून म्हटलं, हात चुकत नसेल तर निदान रिव्हॉल्व्हर तरी चुकू दे."

मिस्त्रीने कानस उचलली. अंगठ्याने तिचे दाते चाचपले. मनात आलं, द्यावी घासून, पोरगी सुटेल. मग त्याने कानस ठेवून दिली आणि खिडकी उघडली. समोरच्या इमारतीत एक म्हातारी वाळत घातलेल्या चादरी उलटत होती. तिच्या वरच्या मजल्यावर कोणीतरी बाळाला कडेवर घेऊन रस्ता दाखवत होतं.

"डोक्यावरून गेलेली गोळी हवेत विरघळत नाही," तो म्हणाला. "ती कुठेतरी जाऊन लागतेच. तुझी गाडी कुठे उभी राहते? भर बाजारात ना?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग उठली, रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना ते तपासलं आणि म्यानात घालून वरचं बटण लावलं.

"बरोबर आहे तुमचं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तिने ओढणी सारखी केली. "मग हे आजच बँकेत जमा करते. दुसरं काहीतरी काम बघेन."

"हात थोडे दिवस कापतील असं वाटलं होतं मला," मिस्त्री म्हणाला. "पण अशी उगाच खचून जाऊ नकोस. चोर होता तो. तू तुझं काम केलंस."

"सगळे तेच म्हणतात." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "त्याची बायको आली होती घरी. मला वाटलं, भांडायला आली. पण तिला एवढंच विचारायचं होतं, की जाताना तो काही बोलला का."

"मग? काय सांगितलंस?"

"काही बोलला नाही, असं सांगितलं."

"चांगलं केलंस. मेलेल्याच्या तोंडी उगीच काही घालू नये."

"पण तो बोलला होता, काका." तिचा हात म्यानावरच होता, दगडासारखा स्थिर. "पेटी खाली ठेवून वळला आणि म्हणाला, 'थांबलो, ताई.'"