विहीणबाईंसमोर

कापडाच्या दुकानातल्या स्वच्छतागृहाचं दार ठमीने खांद्याने धडक मारून उघडलं. आत फरशीवर एक तरुणी पडली होती. ओठ निळे, शेजारी सुई.

"हात लावू नका!" दुकानदार मागून ओरडला. "नशेबाज आहे. पोलिसांना बोलावलंय, ते निस्तरतील."

"आधी अँब्युलन्स बोलवा."

ठमीने पर्समधून नशेचा अंमल उतरवणाऱ्या औषधाची बोटाएवढी बाटली काढली. ओल्या फरशीवर गुडघे टेकले, तरुणीची मान मागे कलती केली आणि औषध नाकात फवारलं. मग तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला लागली.

दारात ठमीची आई उभी होती आणि मागे आईच्या होणाऱ्या विहीणबाई. ठमीच्या लग्नाची खरेदी अर्धी टाकून दोघी धावत आल्या होत्या.

बराच वेळ काही झालं नाही. मग तरुणीने घशातून आवाज काढत श्वास ओढला, डोळे उघडले आणि ठमीला एक कचकचीत शिवी हासडली.

"दे, आणखी दे," ठमी धापा टाकत हसली. "शिवी आली म्हणजे जीव आला."

तेवढ्यात हवालदार पोचला. "चला, हिला ठाण्यात घ्या."

"दवाखान्यात, साहेब. औषधाचा असर उतरला की ही पुन्हा बेशुद्ध पडेल. मग ठाण्यात तुम्ही काय करणार?"

हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. अँब्युलन्स आली तेव्हा स्ट्रेचरचं एक टोक त्यानेच धरलं.

विहीणबाई ठमीच्या पर्सकडे बघत होत्या. "हे औषध हिच्याजवळ कसं?"

त्यांच्या मुलाला सगळं ठाऊक होतं. त्यांना सांगायचं राहून गेलं होतं असं नव्हे. ठमीच्या आईनेच सांगू दिलं नव्हतं.

"नर्सिंगचा कोर्स..." आईने नेहमीचं उत्तर सुरू केलं. ठमी बेसिनवर तोंड धूत राहिली. तिचे दोन्ही गुडघे काळे झाले होते.

आई थांबली. मग मान ताठ करून म्हणाली, "कोर्स-बिर्स काही नाही, विहीणबाई. हीसुद्धा एकदा अशीच पडली होती. कुणा परक्याने उठवलं. त्यातून बाहेर यायला किती झगडली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आता ही दुसऱ्यांना उठवते. अशी आहे माझी लेक. पसंत असेल तर बघा."

विहीणबाई दाराबाहेरच्या स्टुलावर बसल्या.

"कुठे मिळते गं ही बाटली?"

"आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात देतात, काकू."

"मलाही एक आण." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आणि ती मान कशी कलती करायची, ते दाखव बघू."

आणि डोळे मिटून त्यांनी आपलं डोकं ठमीच्या हातात दिलं.