डॉक्टर स्वतः करतात

"आज ॲडव्हान्स भरूनच येतो," राजनंदिनी स्कूटीवरची धूळ झटकत म्हणाली. "लई झालं बघणं."

वरच्या मजल्यावरच्या बाजी औषधाच्या दुकानातून परतत होत्या. त्या जिन्याशी थांबल्या.

"कसला ॲडव्हान्स?"

राजनंदिनीनं मोबाईल पुढं केला. स्टेशनजवळच्या एका नव्या स्किन क्लिनिकची जाहिरात होती. वांगावर लेसर, शंभर टक्के खात्री, सवलत आजच्यापुरती. खाली बारीक अक्षरांत डॉक्टरांची माहिती होती. बाजींनी ती अक्षरं बोटांनी मोठी करून वाचली. मग पुन्हा वाचली.

"मी येऊ सोबत?"

"या की! एकीला दोघी बऱ्या."

बाजी या इमारतीत नुकत्याच राहायला आल्या होत्या. वडील कुतुबुद्दीनचाचा अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं त्याच बघायच्या. धाकटा भाऊ मुजम्मिल त्यांना बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा, म्हणून सगळी इमारत बाजी म्हणायला लागली. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

राजनंदिनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग तपासायची. तिच्या हातून खोटा माल पुढं जात नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गालांवर वांग उठले. हळद झाली, मसूरडाळ झाली, मैत्रिणींनी सांगितलेल्या ट्यूबा झाल्या. तिनं फारसं मनावर घेतलं नव्हतं. पण परवा पुण्याहून आलेला एक साहेब तिला सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, गालाला ऑईल लागलंय." आणि ती खरंच रुमालानं पुसायला लागली होती.

"आधी आणखी एक डॉक्टर बघूया का?" स्कूटीवर मागं बसत बाजी म्हणाल्या. "ताराबाई पार्कात आहेत. वाटेतच आहे."

तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी भिंग लावून गाल बघितले. मलम लिहून दिलं, उन्हात तोंड झाकायला सांगितलं. वांग एकदम जात नाही, फिका होतो, म्हणाले. लेसरची घाई करू नका, चुकीच्या हातानं केलं तर डाग वाढतो, हेही म्हणाले.

"ह्यांनी अजून पेरलंबी न्हाय, आणि पीक कमी येणार म्हणत्यात," बाहेर येताच राजनंदिनी म्हणाली. "चला, आपण आपल्या क्लिनिकला जाऊ."

बाजी स्कूटीवर मागं बसल्या.

स्टेशनजवळच्या क्लिनिकात गारेगार एसी होता. सगळीकडं मोगऱ्याचा वास होता. मॅनेजर सम्राट स्वतः दार उघडून उभा राहिला.

"या मॅडम, या! चहा का कॉफी?"

"चहा ऱ्हाऊ द्या," राजनंदिनी बसत म्हणाली. "मशीन कोण चालवणार ते सांगा. शिकाऊ पोरीबिरी न्हाईत न्हवं?"

"छ्या! डॉक्टर स्वतः करतात."

"कोण डॉक्टर?"

"डॉक्टर मदिहा शिकलगार. मुंबईला शिकल्यात. अशा स्किनच्या डॉक्टर आख्ख्या जिल्ह्यात न्हाईत."

"तुम्ही ओळखता त्यांना?" बाजींनी विचारलं.

"ओळखता काय! बहिणीसारख्या हायत मला. दर ईदला शिरखुर्मा खातो की त्यांच्यात." सम्राट पुढं वाकला. "जरा तापट हायत. पण हाताला गुण हाय."

"तापट?"

"थोड्याशा."

बाजी हसल्या. राजनंदिनीलाही हसू आलं. माणूस बोलका होता, जागा चकाचक होती. पण तिच्या कामातही चकाकणारे सुटे भाग ती आधी तपासायला बाजूला काढून ठेवायची.

"डॉक्टरांना बघितल्याबिगर पैसे न्हाय," ती म्हणाली.

"आत पेशंट हाय, मॅडम. उशीर लागंल."

"आम्ही थांबतो," बाजी म्हणाल्या.

सम्राट आत गेला. थोड्या वेळानं आतून एक मुलगी बाहेर आली. कॉलेजातली असावी. तिनं ओढणी तोंडावर धरली होती. चपला घालताना ओढणी सरकली. दोन्ही गाल भाजल्यासारखे लालभडक झाले होते, आणि एका जागी फोड आला होता.

राजनंदिनी ताडकन उठली. "अगं, काय झालं हे?"

"डॉक्टर म्हणाल्या, पहिल्यांदा असं हुतंय." मुलीचे डोळे भरून आले. "आईला काय सांगू, तेच कळंना झालंय."

बाजींनी तिला हाताला धरून शेजारी बसवलं. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला.

"दुखतंय?"

मुलीनं मान डोलावली.

"इथंच बस. मी सांगेपर्यंत जायचं नाही. आईला फोन लाव, इकडंच बोलावून घे."

सकाळी बाजी जिन्यात भेटल्या नसत्या तर आता त्या खुर्चीवर राजनंदिनीच असती. राजनंदिनीनं पर्स काखोटीला मारली.

"बाजी, जाऊया इथनं. हिलाबी घेऊन जाऊ. त्या ताराबाई पार्कातल्या डॉक्टरांकडंच."

"जाऊ," बाजी शांतपणे म्हणाल्या. "पण इथल्या डॉक्टरांना भेटूनच."

"आता कशाला भेटायचं तिला?"

तेवढ्यात आतलं काचेचं दार उघडलं. सम्राट अदबीनं बाजूला झाला. त्याच्या मागून पांढरा कोट घातलेली, तिशीतली एक बाई प्रसन्न हसत पुढं आली.

"सॉरी हं, वाट बघायला लावली. मी डॉक्टर मदिहा शिकलगार."

बाजी उठल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"मीसुद्धा."