बेचाळीस चुका

"पुन्हा अडकलं," एदेल्मिरा म्हणाली. तिने संगणकात लिहिलेला, आपोआप नावं शोधणारा मॅक्रो यादीच्या शेवटापर्यंत गेला होता आणि परत पहिल्या पानापासून शोधत सुटला होता.

यामिलाने तेरेरेचा, गार पाल्याच्या चहाचा पेला बाजूला ठेवला. "शेवट आला की थांब, असं सांगितलंच नाहीत त्याला. सांगितल्याशिवाय तो थांबत नसतो, डोन्या एदेल्मिरा."

"आमचे हेही असेच, सांगितल्याशिवाय बोलायचे थांबत नसत," एदेल्मिरा म्हणाली आणि चुकलेली ओळ खोडून नवी लिहायला बसली.

एन्कार्नासिओनच्या वाचनालयातली ही मागची खोली. हुकूमशाहीच्या काळात सरहद्दीच्या नदीवरच्या धक्क्यांवर माणसं अडवायला ज्या याद्या टाइप होऊन निघत, त्या इथे संगणकात जशाच्या तशा उतरवून ठेवल्या होत्या. आता यादीत नाव सापडलं, की तेव्हा त्याचा खरंच शोध चालू होता असं सांगणारं शिक्क्याचं पत्र त्या माणसाला मिळे. नाही सापडलं, तर तो तसाच परत जाई.

एदेल्मिरा मार्चमध्ये मदतीला आली, तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. "मला शोधायला शिकव, पोरी," ती म्हणाली होती. "साधं नको. आपोआप शोधणारं." यामिला तेव्हा हसली होती. आता हसत नव्हती. म्हातारीने दोन वह्या भरल्या होत्या. आधी ती मॅक्रो संगणकाकडूनच नोंदवून घ्यायची, मग स्वतःच्या हाताने लिहायला लागली. बोलताना सारखेच ऐकू येणारे बी आणि व्ही चौकोनी कंसात शेजारी शेजारी घातले, की दोन्ही अक्षरांची नावं एकदम सापडतात, हे कळलं त्या दिवशी तिने सगळ्यांना चिपा, चीजच्या गरम रोट्या, आणून वाटल्या.

अकरा वाजता सिरिलो वालिएन्ते आला. नदीपलीकडच्या पोसादासहून त्याची ही तिसरी खेप.

"नाव नाहीये हो तुमचं," यामिला ओशाळून म्हणाली. "व्हीचं पान मी दोनदा पाहिलं."

"मग माझा भाऊ म्हणतो तेच खरं म्हणायचं. पन्नास वर्षं ऐकवतोय. तुला कुणी शोधतच नव्हतं, उगाच घाबरून आईला टाकून पळालास."

"जरा बसा," एदेल्मिरा म्हणाली.

तिने कळ दाबली. मॅक्रो धावला, शेवटाला पोहोचला आणि थांबला. पडद्यावर पिवळी ओळ आली. नाव व्हीने नव्हे, बीने लिहिलेलं होतं. बालिएन्ते, सिरिलो. वय सव्वीस. शिक्षक. दिसताच अटक.

सिरिलोने ती ओळ बोट ठेवून वाचली.

"धक्क्यावरच्या शिपायाने यादी काढली होती," तो म्हणाला. "व्हीच्या पानावर वरून खाली बोट फिरवलं. मग म्हणाला, जा. मला वाटलं, खरंच नाहीये मी यादीत."

शिक्क्याचं पत्र घडी न घालता, दोन्ही हातांत धरून तो बाहेर पडला. एदेल्मिरा खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.

दुपारपर्यंत मॅक्रो सगळ्या याद्यांवरून फिरला. एर्मोसा नावातला, न उच्चारला जाणारा आणि म्हणून गाळलेला एच सापडला, सार्सा नावात झेडच्या जागी बसलेला एस सापडला. यामिलाने आकडा पाहिला आणि म्हातारीला घट्ट मिठी मारली.

"बेचाळीस! राजधानीतून दोन इंजिनियर येऊन गेले, त्यांना एक नाव मिळालं नाही. उद्या त्यांना बोलावून तुमच्यासमोर बसवते. शिका म्हणते, आमच्या डोन्याकडून!"

एदेल्मिरा लाजली, पण मान ताठ होती.

"पण त्या काळी या याद्या टाइप करणारी बाई पाहा," यामिला पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "वय बरोबर, पत्ता बरोबर, आणि आडनावाचं पहिलंच अक्षर चुकवते. तेही बेचाळीस वेळा! कसली अडाणी असेल!"

एदेल्मिराने चष्मा काढून ब्लाउजच्या टोकाने पुसला.

"अडाणी नव्हते गं मी," ती म्हणाली. "शुद्धलेखनात वर्गात पहिली यायचे."