जाड मानेची वीस काडतुसं

“हे काय आहे?” एमेट हॉगनने काडतूस चिमटीत धरून जावयाच्या नाकापुढे नाचवलं. “नाही, मला नीट समजावून सांग. हे काय आहे?”

रूडी नुसता बघत राहिला. त्याची हीच सवय एमेटच्या डोक्यात जायची. जन्मभर दुकानात गाद्या विकणाऱ्या माणसाला तोंड तरी असावं की नाही!

उद्या एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. एमेटची मुलगी कार्ला यंदा पहिल्यांदाच आजोबांची रायफल घेऊन डोंगरात जाणार होती. त्या मापाची काडतुसं कारखान्यांनी कधीच बंद केलेली. मग दुसऱ्या रायफलीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणायच्या, पुंगळीची मान, म्हणजे गोळी बसते ते तोंड, आचेवर धरून मऊ करायची, साच्यातून दाबून नवं माप द्यायचं. दाबली की मान जाड होते; ती आतून खरवडून पातळ करायची. मगच दारू आणि गोळी भरायची. अख्ख्या मोंटाना राज्यात हे काम आपल्यासारखं कुणाला जमत नाही, असं एमेट सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा. गॅरेजमधल्या बाकावर डावीकडे त्याचा ट्रे असायचा, उजवीकडे हाताखाली शिकणाऱ्या रूडीचा.

एमेटने रूडीच्या ट्रेमधलं काडतूस मापाच्या ठोकळ्यात सोडलं. अडकलं. दुसरं सोडलं. तेही अडकलं. विसाव्या काडतुसापर्यंत त्याने हा तमाशा चवीचवीने केला.

“मान खरवडलीच नाहीस! कार्ला, ये गं, बघ तुझ्या नवऱ्याने काय दिवे लावलेत. जोर लावून हे रायफलीत बसवलं असतंस ना, तर गोळी सुटायला जागाच नव्हती. रायफलीचा मागचा अख्खा बोल्ट उडून तुझ्या डोळ्यात आला असता.”

कार्ला कॉफीचा मग घेऊन दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रूडीने डोळ्यांनीच तिला ‘नको’ म्हटलं.

“चुकलं, एमेट,” तो म्हणाला. “मोडून टाकतो मी ती.”

“चुकलं म्हणे! दोन वर्षं घसा फोडतोय मी. पालथ्या घड्यावर पाणी! मे महिन्यात नेमबाजीच्या क्लबात तुझी काडतुसं अडकून चारचौघांत शोभा झाली, तरी अक्कल नाही ती नाहीच.”

एमेटने आपल्या ट्रेमधली वीस काडतुसं डबीत भरून लेकीच्या हातात कोंबली. ती त्याने ठोकळ्यात घालून पाहिली नाहीत. स्वतःची तो कधीच पाहत नसे. गरजच काय?

“उद्या ही ने. आणि तू रे, आजपासून या बाकाला हात लावायचा नाहीस. गॅरेजची किल्ली दे इकडे. यापुढे इथे मी एकटा काम करणार.”

रूडीचा चेहरा आता मात्र उतरला. “किल्ली राहू द्या, एमेट. हवं तेवढं बोला मला. मी झाडू मारीन, पुंगळ्या पुसून देईन. पण किल्ली राहू द्या.”

काय लाचार प्राणी आहे, एमेटला वाटलं. एवढ्या मोठ्या राज्यात माझ्या पोरीला हाच सापडला?

“किल्ली,” त्याने हात पुढे केला.

“देऊ नकोस, रूडी.” कार्लाने कॉफीचा मग बाकावर आदळला. “डॅड, ती जाड मानेची वीस तुझी आहेत. माझ्या हातातली रूडीची.”

“काय बरळतेस?”

“तू मान खरवडायचं विसरतोस. मागच्या हिवाळ्यापासून, दर खेपेला. तू जेवायला आत गेलास की रूडी काडतुसं बदलतो. आपली तुझ्या ट्रेमध्ये ठेवतो आणि तुझी मोडून टाकतो. आज मोडायला वेळ मिळाला नाही, एवढंच. मला सांगू देत नव्हता. म्हणाला, म्हाताऱ्याला या बाकाशिवाय दुसरं आहे काय!”

एमेट जावयाकडे वळला. “आणि क्लबातली?”

“तीपण तुमचीच होती,” रूडी जमिनीकडे बघत म्हणाला.

एमेटने लेकीच्या हातातल्या डबीतलं एक काडतूस काढून ठोकळ्यात सोडलं. अलगद आत गेलं. दुसरंही गेलं. तिसरं त्याने सोडलंच नाही. मान खरवडायचं हत्यार उचललं आणि कितीतरी वेळ ते हातात उलटसुलट फिरवत राहिला. कार्लाला रडू आवरेना.

शेवटी त्याने आपलं स्टूल पायाने जावयाकडे सरकवलं.

“बस इथे,” तो खेकसला. “हे कसं धरायचं, दाखव. आणि सावकाश दाखव, गाढवा. मला आठवत नाहीये.”